पेठेतल्या घराच्या कागदावर सही करण्याआधी: बाहेरगावच्या कोल्हापूरकरांना खुलं पत्र

पुण्यात, मुंबईत, बंगळूरला आणि त्याच्याही पलीकडे जाऊन राहिलेल्या माझ्या गाववाल्यांनो,

सप्रेम नमस्कार.

तुमची कोल्हापूरची फेरी कशी होते ते इथे आम्हाला पाठ झालंय. सकाळी अंबाबाईचं दर्शन, मग मिसळ, दुपारी कुणाचं तरी लग्न नाहीतर वास्तुशांत, रात्री तांबडा-पांढरा, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत किणीचा टोलनाका पार. त्यानंतर पुढचे पंधरा दिवस ग्रुपवर 'आता पूर्वीचं कोल्हापूर राहिलं नाही' म्हणून हळहळ. नेमकं काय राहिलं नाही असं विचारलं, की रंकाळ्यावरच्या भेळेची चव बदलली, इथपर्यंतच गाडी येते.

हळहळीबद्दल माझं काही म्हणणं नाही. गाव सोडलेल्या माणसाला तेवढा हक्क असतोच. पण तुमच्या हातात हळहळीपेक्षा मोठी गोष्ट आहे आणि ती बऱ्याच जणांच्या ध्यानात नाही. मी ड्राफ्ट्समन आहे. पेठांमधली जुनी घरं मोजायची, त्यांचे नकाशे काढायचे, हे माझं काम. घर पाडून अपार्टमेंट करायचं ठरलं की प्रॉपर्टी कार्डावरच्या सगळ्या नावांच्या सह्या लागतात. त्यातला एखादा भाऊ, एखादी आत्या, चुलत्यांची मुलं हमखास बाहेरगावी असतात. कागद कुरिअरनं जातात, मुखत्यारपत्र होऊन परत येतात. सही करणाऱ्यानं ते घर शेवटचं बघितलेलं असतं आजीच्या बाराव्याला. शेजारी काय आहे, मागे काय आहे, एवढे मजले उठल्यावर सावली कशावर पडणार, हे त्या कागदावर कुठंच लिहिलेलं नसतं.

म्हणून विनंती आहे, की असा कागद हातात आला तर दोन दिवस काढून या आणि मी सांगतो त्या जागा पुन्हा एकदा बघा. लहानपणी बघितल्यात, मला ठाऊक आहे. तरीही बघा.

अंबाबाईच्या देवळापासूनच सुरुवात करू, कारण तिथंच हा विषय सगळ्यात उघडा दिसतो. नोव्हेंबरची ९, १० आणि ११ तारीख, नाहीतर ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. किरणोत्सव. देऊळ पश्चिमाभिमुख. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं, गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा अशा पायऱ्या चढत गाभाऱ्यात शिरतं. पहिल्या दिवशी देवीचे पाय, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख, असा क्रम. दर्शनाच्या रांगेतून हे कळत नाही. कासव चौकाच्या आसपास उभं राहून फरशीवरची ती पिवळी तिरीप बघावी लागते. ती सरकते हे डोळ्यांना जाणवतं. एका फरशीच्या सांध्यावरून पुढच्या सांध्यावर जाते, आणि जसजशी आत जाते तसतशी रंगानं तांबूस होत जाते. सगळा खेळ काही मिनिटांचा. शेवटच्या मिनिटाला ढग आला, हवेत धूळ-बाष्प जास्त असलं, तर किरणं वाटेतच विरतात आणि गर्दीतून 'अरारारा' असा आवाज उठतो. मुखापर्यंत पोहोचली तर घंटा आणि आरती.

आता हे ऊन महाद्वारापर्यंत कसं येतं ते बघा. देवळाबाहेर पडून महाद्वार रोडनं पश्चिमेकडे चालत जा आणि मान वर करा. गच्चीवरची पाण्याची टाकी, जिन्याची खोली, पत्र्याची शेड, फलकाचा सांगाडा, असली काहीतरी किरकोळ वस्तू सूर्याच्या वाटेत येते आणि शेकडो वर्षांचं गणित बिघडतं. वर्षानुवर्षं अडथळे मोजले जातायत, काही उतरवलेही गेले. पण ज्या घरांच्या गच्च्यांवर हे सगळं आहे किंवा उद्या येणार आहे, त्यांपैकी काहींच्या कार्डावर तुमची नावं आहेत. सूर्य आपली वाट बदलणार नाही. टाकी गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेता येते. नकाशावर हे काम एका पेन्सिलीचं आहे, मी रोज करतो. फक्त मालकानं ते मागायला हवं.

देवळाच्या आवारात असाल तर मणिकर्णिका कुंडाकडेही चक्कर टाका. तुमच्या आमच्या लहानपणी तिथं कुंड आहे हे कुणाला माहीत नव्हतं, कारण ते बुजवून वर बाग केलेली होती. अलीकडे उकरलं तेव्हा खालून दगडी बांधणी निघाली. मला हे कुंड देवळाच्या कोरीव भिंतींइतकंच महत्त्वाचं वाटतं. बुजवलेलं परत उघडता येतं, याचा आपल्या गावातला तो एकमेव पुरावा असावा.

कारण कोल्हापूर हे मुळात तळ्यांचं गाव, आणि आपण बहुतेक तळी गिळून बसलोय. गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ. कपिलतीर्थ मंडई म्हणजे कपिलतीर्थ. तिथं मेथीची जुडी घेताना तुम्ही तळ्याच्या पोटात उभे असता. शाहू स्टेडियम म्हणजे रावणेश्वराचं तळं. देऊळ अजून शेजारी आहे, तळ्याच्या जागी पाटाकडील आणि खंडोबा या फुटबॉल संघांचे पाठीराखे एकमेकांवर ओरडत असतात. स्टेडियमबद्दल माझी तक्रार नाही, फुटबॉल नसता तर पेठांतल्या पोरांनी काय केलं असतं देव जाणे. पण गांधी मैदानावर पावसाळ्यात या. पाणी साचलेलं असतं आणि जो तो गटारांना शिव्या घालत असतो. पाण्याला आपली जुनी जागा आठवते, गटार बिचारं काय करणार.

जे तळं उरलं ते रंकाळा, आणि थोडंफार कोटीतीर्थ. रंकाळ्याला तुम्ही जाता, नाही असं नाही, पण संध्याकाळी, भेळ खायला, चौपाटीच्या बाजूला. एकदा पहाटे या. राजघाटाच्या मनोऱ्याकडून सुरुवात करून तळ्याला पूर्ण वळसा घाला. ही मूळची दगडाची खाण, असं जुने लोक सांगत आले. संध्यामठाची दगडी वास्तू उन्हाळ्यात पायथ्यापर्यंत उघडी पडते आणि पावसाळ्यात निम्मी पाण्यात जाते. तिच्या खांबांवर पाण्याच्या रेघा एकावर एक उमटल्यात, सगळ्यात वरची फिकट, खाली येईल तशी काळी. पलीकडे शालिनी पॅलेस, १९३० च्या दशकातला. त्याचं प्रतिबिंब वारा पडलेला असेल तेव्हाच पुरतं दिसतं, म्हणून पहाट. आणि तो नंदी आठवतोय का? रोज गव्हाच्या दाण्याएवढा तळ्याकडे सरकतो, तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो, आणि ज्या दिवशी पाण्याला टेकेल त्या दिवशी प्रलय. माझ्या मुलीनं विचारलं, "बाबा, गव्हाचा दाणा मोठा की तांदळाचा?" आम्ही घरी जाऊन दाणे मोजपट्टीवर ठेवले. तांदूळ कोणता घ्यायचा यावर आजी आणि नातीचं भांडण झालं.

तळ्यातलं केंदाळ, म्हणजे जलपर्णी, कमी-जास्त होत असतं, त्याचे फोटो तुम्हाला ग्रुपवर मिळतात, ते मी सांगायला नको. फोटोत जे येत नाही ते म्हणजे तळ्यात उतरणारं पाणी कुठून येतं. चारी बाजूंनी फ्लॅट वाढले, त्यांचं सांडपाणी उतारानंच जाणार. रंकाळ्याचा व्ह्यू म्हणून ज्यांनी चौरस फुटाला जास्त पैसे मोजले त्यांनी आपल्या बिल्डिंगचं सांडपाणी कुठं जातं, एवढं एकदा विचारावं.

पाण्याचाच विषय निघालाय तर मंगळवार पेठेतून जाताना पाण्याच्या खजिन्यापाशी थांबा. रिक्षावाल्याला पत्ता म्हणून सांगतो आपण ते नाव, पण तो खजिना कशाचा हे पुढच्या पिढीला सांगत नाही. कळंबा तलावातून उतारावर आपल्या वजनानं वाहत येणारं पाणी तिथं साठवायचं आणि गावात सोडायचं, अशी ती सोय. पंप नाही, वीज नाही. कळंब्याला गेलात तर बंधाऱ्यावर उभं राहून गावाकडे तोंड करा आणि कात्यायनीच्या डोंगराकडे पाठ. उतार डोळ्यांना दिसतो. ज्या कुणी हा उतार हेरला त्याच्या हातात साधी साधनं होती, आणि आज आपण त्याच उतारावर प्लॉट पाडतोय.

मेजर चार्ल्स मँट या इंजिनिअरनं कोल्हापुरात जे उभं केलं ते बहुतेक एका फेरीत बघून होतं. टाऊन हॉल, त्याच्या अलीकडे-पलीकडेच सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आणि कसबा बावड्याच्या वाटेवर नवा राजवाडा. नव्या राजवाड्याचं तिकीट काढून तुम्ही पाहुण्यांना दाखवता. १८७७ ते १८८४ असं ते काम चाललं. मँट १८८१ मध्येच वारला, पुरा झालेला राजवाडा त्यानं बघितला नाही. पण माझं मत विचाराल तर राजवाड्यापेक्षा सीपीआर बघा. मूळचं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. आपण तिथं जातो तेव्हा हातात केसपेपर असतो आणि जीव टांगणीला, वर बघायचं भान कुणाला? कधीतरी काही काम नसताना जा. काळ्या दगडाच्या कमानी, उंच छत, हवा खेळेल असे व्हरांडे. आजारी माणसाला उजेड आणि वारा लागतो, हे त्या दगडात बांधून ठेवलंय, आणि आजही तिथं रोज गोरगरिबांची रांग लागते. जुनी इमारत वापरात ठेवून टिकवायची असते, असं मी साहेबांच्या ऑफिसात नेहमी म्हणतो. तेव्हा उदाहरण म्हणून हेच सांगतो.

टाऊन हॉलच्या संग्रहालयात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत सापडलेला पोसायडन आहे, ग्रीकांचा समुद्रदेव, काशाचा, वीतभर उंचीचा. शाळेच्या सहलीत तुम्ही त्याच्यासमोरून 'रांगेत चला' म्हणून ढकलले गेला असाल. आता निवांत उभे राहा. समुद्र कुठं, पंचगंगा कुठं, आणि हा इथं आला कसा, तर व्यापारानं. घाट उतरून कोकणातल्या बंदरांशी आपला संबंध किती जुना, ते त्या वीतभर मूर्तीत आहे. बाहेर आलात की बागेतल्या जुन्या झाडांखाली बसा. उन्हाळ्याच्या दुपारी गावात एवढी गार जागा दुसरी नाही.

खासबागेबद्दल काय लिहू! शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, वाटेत रोममधलं जुनं क्रीडांगण बघितलं आणि इथं कुस्तीसाठी मैदान बांधायचं मनात घेतलं, हे आपल्याला पाठ आहे. पाठ नसेल ते प्रत्यक्ष करून बघा. कुस्ती नसलेल्या दिवशी सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसा. हौद्यातला माणूस पुरा दिसतो, मध्ये कुणाचं डोकं येत नाही. मग चार पायऱ्या खाली या, तेच. बाजू बदला, तेच. उताराचा कोन असा साधलाय की गरिबाचं तिकीट आणि श्रीमंताचं तिकीट, दोघांना सारखंच दिसावं. आजकाल आम्ही असले कोन कॉम्प्युटरवर काढतो आणि तरी मल्टिप्लेक्सात पुढच्याचं डोकं मध्ये येतं.

खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. १९१५ सालचं पॅलेस थिएटर ते. त्या रात्री रस्त्यावर उभी असलेली माणसं मी बघितलीत, त्यातली कितीतरी आयुष्यात नाटकाला गेलेली नव्हती. तरी रडत होती. तुम्ही लांबून व्हिडिओ बघून रडलात, फोन केलेत, पैसे कुठं पाठवायचे विचारलंत. दगडी भिंती उरल्या आणि पुन्हा उभारायचं काम हाती घेतलं गेलं. त्या वेळी तुमच्यातला जो कळवळा दिसला त्याची मला आज आठवण करून द्यायची आहे. नाट्यगृह आगीत एका रात्रीत गेलं म्हणून सगळ्यांना दिसलं. पेठा सह्यांनी जातायत, त्याचा व्हिडिओ निघत नाही.

आता नदी. त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर पणत्या लागतात तेव्हा या, हे सांगायला मी कशाला हवा, रील बघितलेच असतील. मी सांगेन की मे महिन्यात या, पाणी उतरलेलं असताना. एरवी पाण्यात असणारी देवळं, दीपमाळा, पायऱ्या सगळं उघडं असतं. मग घाटावरून मागे वळून शुक्रवार पेठ, गंगावेशीच्या गल्ल्यांत शिरा. घरांच्या भिंतींवर ऑइलपेंटच्या रेघा दिसतील, शेजारी '२०१९', त्याच्या वर '२०२१'. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. रेघ तुमच्या डोक्याच्या वर असेल. एका घरात मी मोजायला गेलो होतो, तिथल्या मावशींनी देवघर पहिल्या मजल्यावर नेलं होतं आणि दिवळीत जिथं देव असायचे तिथं टॉर्च, मेणबत्त्या आणि रेशनकार्डाची प्लास्टिकची पिशवी ठेवली होती. सामान पॅक करायला किती वेळ लागतो, विचारलं. म्हणाल्या, "भांडी न्ह्याला येळ न्हाई लागत, म्हशीला लागतोय."

नदीकाठच्या मळ्यात, निळ्या-लाल पूररेषेच्या आत ज्यांच्या जमिनी आहेत अशीही मंडळी हे पत्र वाचत असतील. तुम्हाला सांगितलं जातं, भराव टाकला की प्लॉट उंच होतो, काळजी मिटते. तुमची मिटते. तेवढं पाणी त्या मावशींच्या भिंतीवर चढतं. पंचगंगेला पाच नद्यांचं पाणी येतं, तिला पसरायला जागा लागते. ती आपण देणार नसलो तर ती घेणार.

टेंबलाईला सवड मिळाली तर जा, आषाढात. मंगळवारी नाहीतर शुक्रवारी. पी-ढबाक या वाद्यांच्या तालावर नदीचं नवं पाणी डोक्यावर घेऊन गल्ल्याच्या गल्ल्या टेकडी चढतात आणि पायऱ्यांवर पाणी ओततात. वरून सगळं गाव दिसतं. कौलांचे तांबडे पट्टे अजून आहेत, मध्ये मध्ये.

तर माझं मागणं. वाडे पाडूच नका असं म्हणणारा मी नाही. पावसाळ्यात गळणाऱ्या कौलाखाली बादल्या लावून झोपणाऱ्या तुमच्या काकांना 'वारसा जपा' म्हणून सांगायला मला तोंड नाही, आणि पुण्यात पंधराव्या मजल्यावर राहून तुम्हालाही नसावं. काही घरं खरोखर कुजलेली आहेत. पण सही देताना अटी घालता येतात, हे लक्षात घ्या. कागद येईल त्या लिफाफ्यातच परत पाठवायचा असा नियम नाही. नकाशा मागवा. उंची किती, गच्चीवर काय काय येणार, किरणांच्या वाटेत येतं का, विचारा. जोतं घडीव दगडाचं असेल तर ते ठेवून वर बांधता येतं का, विचारा. दाराची चौकट, गणेशपट्टी, सागवानी खांब आणि त्यांचे तळखडे भंगारवाल्याकडे जाणार की नव्या इमारतीत बसवणार, लिहून घ्या. आवारातली विहीर बुजवू नका असं तर ठणकावून सांगा. बिल्डर कुरकुरतो, पण वारसाची सही अडली की ऐकतो. मी टेबलाच्या या बाजूला बसून ते बघितलंय. जे वारस विचारतात त्यांच्या घरांच्या विहिरी आजही आहेत.

आणि दोन भाऊ इथं, दोन तिथं असं असेल तर फोनवर ठरवू नका. सगळे एकत्र या, त्याच घरात सोप्यात बसा आणि ठरवा. भांडणं होतील. होऊ देत.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
शिवाजी पेठेतला एक ड्राफ्ट्समन

ता. क. किरणोत्सवाला येणार असाल तर गाडी महाद्वार रोडला घालू नका, बिंदू चौकाच्या पार्किंगला लावा आणि चालत या. पाचच्या आत आवारात पोहोचा, नंतर उभं राहायला जागा मिळत नाही. छत्री, दुर्बीण काही लागत नाही. येताना प्रॉपर्टी कार्डाचा उतारा मात्र घेऊन या. नकाशा समजावून सांगायचे मी पैसे घेत नाही, चहा तुम्ही पाजा.